रॅमचा वेग वेगळा आहे म्हणून जुनी पट्टी टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संगणक मंद झाला की रॅम वाढवायची, हे आता घराघरांत माहीत झाले आहे. पण ८ जीबीच्या जोडीला आणखी ८ जीबी घालायला ग्राहक पणजी, म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या बाजारात गेला, की बऱ्याचदा त्याला एक ठरलेले उत्तर मिळते. "तुमची २४००ची आहे, आता ३२००ची येते. वेग जुळत नाही, दोन्ही नवीन घाला." ग्राहक दोन पट्ट्यांचे पैसे मोजतो आणि ठणठणीत असलेली जुनी पट्टी काउंटरवरच ठेवून घरी येतो. याच्या उलट प्रकारही चालतो. "कुठलीही चालते हो" म्हणत हाताला लागेल ती पट्टी बसवली जाते आणि महिन्याभराने हिशेबाची फाइल उघडायची बंद होते. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे काय ते वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

विषय आताच काढायला कारण आहे. विंडोज १०ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण प्रत्यक्षात दर क्लिकला वाट पाहत बसावे लागते. त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिप्सचा ओघ वळला, रॅमचे भाव चढले आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन कंपनीने क्रूशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत चालू पट्टी उगाच बाद करणे घरालाही परवडत नाही. वीस संगणकांची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या डिचोली-सत्तरीतल्या शाळेला किंवा गावच्या पतसंस्थेला तर मुळीच नाही.

आधी वेगाचे पाहू. २४०० किंवा ३२०० हा आकडा म्हणजे पट्टी सेकंदाला किती दशलक्ष वेळा माल, म्हणजे माहिती, पाठवते तो. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर मोठ्या काळ्या चिप्सच्या जोडीला अगदी बारीक अशी एक चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. ही पट्टी कोणकोणत्या वेगांवर आणि किती उसंत दिल्यावर नीट चालते, ते तिच्यात लिहिलेले असते. संगणक चालू होताना बायोस (संगणक सुरू करून देणारा बोर्डावरचा प्रोग्राम) प्रत्येक पट्टीची एसपीडी वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणजे २४००ची आणि ३२००ची पट्टी शेजारी बसवली, तर दोन्ही २४००वर चालतात. ३२००च्या पट्टीला यात काही इजा होत नाही, कारण खालचे वेगही तिच्या एसपीडीत दिलेलेच असतात. आणि २४००ची पट्टी आपोआप ३२००वर ओढलीही जात नाही. संगणक चालतो तो मंद पट्टीच्या चालीने, एवढेच.

या "मंद" शब्दाला लोक घाबरतात, म्हणून हिशेब मांडतो. एक पट्टी एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट पाठवते. ३२००ची एकटी पट्टी सेकंदाला ३२०० गुणिले ८, म्हणजे २५,६०० मेगाबाइटपर्यंत माल वाहू शकते. २४००ची पट्टी १९,२००. पण दोन पट्ट्या दोन वेगवेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या रस्त्यांवर, बसल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकाच वेळी घेतो. दोन्ही २४००वर चालल्या तरी बेरीज ३८,४०० होते. एकट्या वेगवान पट्टीच्या ही दीडपट झाली! वेग जुळत नाही म्हणून जुनी ८ जीबी काढून त्या जागी ३२००ची एकच ८ जीबी घालणारा ग्राहक पैसे देऊन आपला रस्ता अरुंद करून घेतो. ज्या संगणकांत वेगळे ग्राफिक कार्ड नाही, त्यांत पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून जाते. तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचेही असेच आहे. ३२००च्या साध्या पट्टीवर सीएल २२ लिहिलेले असते, २४००च्या पट्टीवर सीएल १७. हे आकडे घड्याळाच्या ठोक्यांचे आहेत, वेळेचे नव्हेत. ३२००वर एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणून २२ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. २४००वर ठोका ०.८३३चा, म्हणून १७ ठोके म्हणजे सुमारे १४.२. दोन्ही एकत्र चालताना बायोस २४०० आणि सीएल १७ निवडतो. म्हणजे नवीन पट्टीचा अर्धा नॅनोसेकंदसुद्धा वाया जात नाही. पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर, यूट्यूब, मुलांचे प्रोजेक्ट या कामांत हा फरक कुणाला कळणार नाही. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर लिहू-वाचू लागते. ती वाट हजारो पटींनी लांबची आहे. संगणक हँग होतो तो तिथे.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. वेगाची कमाल मर्यादा पट्टी नव्हे, प्रोसेसर आणि बोर्ड (मदरबोर्ड) ठरवतात. इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ या प्रकारची रॅम अधिकृतपणे २१३३पर्यंतच चालवतात, सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २४००पर्यंत, आठव्या पिढीचे डेस्कटॉप आय-५ २६६६पर्यंत. दहाव्या पिढीचा आय-५ एच४१० बोर्डावर असला तरी २६६६च. सातव्या पिढीच्या साध्या डेस्कटॉपात ३२००च्या दोन कोऱ्या पट्ट्या घातल्या, तरी त्या २४००वरच धावणार. तिथे "२४००ची जुनी पट्टी नव्या पट्टीला मागे खेचते" हे म्हणणे निराधार आहे, कारण मागे खेचायला जागाच नाही. शाळा आणि कार्यालये जुन्या संगणकांसाठी रॅमची दरपत्रके मागवताना "३२००च पाहिजे" असा आग्रह धरतात, त्यांनी आधी प्रोसेसरची पिढी पाहावी.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे वेग खरोखर मोजावा. एएम४ सॉकेटच्या (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीच्या) रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा दुवा साधारणपणे रॅमच्याच घड्याळावर चालतो. रॅम ३२००वरून २४००वर आली की तो दुवाही १६००वरून १२०० मेगाहर्ट्झवर उतरतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगसाठी घेतलेल्या रायझनमध्ये म्हणून जुळणारी जोडी घ्यावी, असे आम्ही दुरुस्ती करणारेही सांगतो. पण बिलिंगच्या संगणकाला तोच नियम लावायचे कारण नाही.

मग जुळलेच पाहिजे असे काय? पहिली गोष्ट रॅमची पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फसायला होते, पण मधल्या खाचेची जागा वेगळी आहे. पट्टी बसत नाही म्हणून दाब वाढवला तर स्लॉटमधला प्लास्टिकचा दात मोडतो, आणि तो बोर्ड मग कायमचा गेला असे समजावे. लॅपटॉपच्या पट्ट्यांत डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२ पिना असतात.

दुसरी गोष्ट व्होल्टेज, आणि डीडीआर३च्या लॅपटॉपात हीच जास्त छळते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ व्होल्टची. दोन्ही दिसायला सारख्या, खाचही एकाच जागी. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपपासून पुढे १.३५चीच लागते. तिथे १.५ची पट्टी घातली की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. ग्राहकाला सांगितले जाते की वेग जुळला नाही. वेगाचा तिथे काही संबंध नसतो. १.३५ची पट्टी मात्र १.५च्या जुन्या यंत्रात चालते, म्हणून डीडीआर३ घ्यायचीच असेल तर एल असलेली घ्यावी. लेबलवर पीसी३एल असे लिहिलेले असते, पीसी३ नव्हे.

तिसरी गोष्ट पट्टीची जात. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड डीडीआर४ रॅम ऑनलाइन स्वस्तात मिळते आणि घरच्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतेही, पण साधा बोर्ड तिच्यावर चालू होत नाही. त्याच रांगेत "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या ८ जीबीच्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या येतात. त्यांच्यावर चार-चार बिटच्या सोळा चिप्स असतात आणि इंटेलचा डेस्कटॉप प्रोसेसर त्या घेत नाही. जी४१सारख्या फार जुन्या बोर्डांची अडचण तिसरीच आहे. त्यांना ४ जीबीची पट्टी सोळा चिप्सची लागते. आठ चिप्सची दिली तर ती ओळखतच नाहीत, कारण तेवढ्या दाट चिप्सचा पत्ता त्यांना लावता येत नाही. आणि ३२ बिटची विंडोज असेल तर यांतले काही करू नये. ती ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. आधी ६४ बिटची घालावी, मग पट्टी.

हे सगळे ओळखायला पट्टीवरचे लेबल पुरेसे असते, फक्त ते वाचता आले पाहिजे. समजा लेबलवर इंग्रजीत असे आहे: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११. यातला पहिला आकडा क्षमता. १आरएक्स८ म्हणजे चिप्सची एकच रांग आणि प्रत्येक चिप आठ बिटांची, अर्थात एकूण आठ चिप्स. १आरएक्स१६ असेल तर चारच चिप्स. तीही चालते, पण थोडी मंद असते, आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या संगणकांत कधी कधी अडते. तिथे आठ चिप्सची मागून घ्यावी. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग आणि त्यापुढचे टी हे अक्षर उसंतीचे, म्हणजे वर आलेल्या सीएलचे, टी म्हणजे १७. त्याच रीतीने २१३३पी म्हणजे १५, २६६६व्ही म्हणजे १९, ३२००एए म्हणजे २२. पुढचे यू म्हणजे डेस्कटॉपची साधी पट्टी, त्या जागी एस असेल तर लॅपटॉपची आणि आर असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड. काही लेबलांवर वेगाऐवजी वहनक्षमता छापतात. पीसी४-१९२०० म्हणजे २४००, पीसी४-२१३०० म्हणजे २६६६, पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. आठने भागले की वेग मिळतो. मोबाइलवर या लेबलचा स्वच्छ फोटो काढून दुकानात न्यावा, निम्मे घोटाळे तिथेच टळतील.

आता जिथे खरोखर फसगत होते तो प्रकार. गेमिंगच्या पट्ट्यांवर ३६०० असे ठळक लिहिलेले असते, वर रंगीत पत्राही असतो. पण हा वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो आणि तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तो बंद असताना अशा अनेक पट्ट्या २१३३, २४०० किंवा २६६६वर चालतात. परिणाम असा की ३२००वर चांगल्या चालणाऱ्या साध्या पट्टीच्या शेजारी ही "वेगवान" पट्टी बसवली की दोघींचा वेग २१३३पर्यंतही खाली येतो. मग कुणी तरी एक्सएमपी चालू करतो. त्याबरोबर १.२ऐवजी १.३५ व्होल्ट दोन्ही पट्ट्यांना जातात आणि एकीची काटेकोर उसंत दुसरीवर लादली जाते. संगणक चालूच होत नाही, किंवा चालू होऊन तासाभराने निळी स्क्रीन येते. अशा जोडीला एक्सएमपी बंद ठेवावे, वेग हाताने २६६६ करावा, व्होल्टेज १.२वरच ठेवावे आणि पुढे सांगितलेली चाचणी घ्यावी. ती उतरली तर २९३३ करून पाहावे. चाचणीत एक जरी चूक आली तरी एक पायरी खाली यावे.

चार पट्ट्या भरणाऱ्यांनीही जपावे. पट्ट्या वाढल्या की प्रोसेसरमधल्या, रॅम हाताळणाऱ्या कंट्रोलरवर भार वाढतो. रायझन ७००० मालिकेत डीडीआर५च्या दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांना ३६००. त्यामुळे डीडीआर५मध्ये जुन्या दोनात नव्या दोन मिसळण्यापेक्षा मोठ्या क्षमतेच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात.

क्षमता वेगळी असली तर? ४ जीबीला ८ जीबी चालते. इंटेलमध्ये पहिली ४ अधिक ४ दोन चॅनेलवर चालते आणि उरलेली ४ एका चॅनेलवर. काही लॅपटॉपांत ४ किंवा ८ जीबी बोर्डावरच सोल्डर करून बसवलेली असते आणि एकच स्लॉट मोकळा असतो. तिथे बोर्डावरच्या रॅमचा वेग हीच मर्यादा. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत मात्र सगळीच रॅम बोर्डावर असते, स्लॉट नसतोच. म्हणून विकत घेण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावे. किती स्लॉट आहेत, किती भरलेत आणि सध्याचा वेग किती, ते तिथेच दिसते.

आता गोव्याच्या हवेविषयी, कारण वेगाच्या माथी मारले जाणारे निम्मे दोष या हवेचे असतात. पट्टीच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेली टोके असतात. मुलामा अगदी पातळ. बार्देस, तिसवाडी, सासष्टीच्या किनारपट्टीत वाऱ्यात मीठ असते, जूनपासून चार महिने ओल असते, आणि बंद असलेला संगणक गरम होऊन आतून सुकतही नाही. टोकांवर आणि स्लॉटच्या स्प्रिंगांवर न दिसणारा पापुद्रा चढतो. चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळेतले दोन-तीन संगणक चालू होत नाहीत, लांब लांब बीप देतात, ते यामुळे. त्याच वेळी कुणी नवीन पट्टी घालायला गेले आणि जुनी पट्टी संगणकाला दिसेनाशी झाली, की "जोडी जमली नाही" असा निकाल दिला जातो. जुनी पट्टी काढा, टोके पुसा, परत बसवा. बहुतेक वेळा ती उठते.

पुसायचे कसे तेही सांगतो. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, औषधाच्या दुकानातले पाणी मिसळलेले नव्हे. तंतू न सुटणाऱ्या फडक्याला चार थेंब लावून टोकांवर वरून खाली पुसावे, आडवे नव्हे. डाग चिवट असेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराने एक-दोनदाच हलके घासावे आणि मग पुन्हा अल्कोहोलने पुसून भुगा काढावा. खरखरीत निळे खोडरबर आणि सँडपेपर मुलामाच काढून टाकतात, मग खालचे निकेल उघडे पडते आणि पुढच्या पावसात पट्टी कायमची जाते. स्लॉटमध्ये टाचणी, कार्डबोर्ड, तेलकट स्प्रे असले काही घालू नये. कोरडा मऊ ब्रश आणि हातपंपाची हवा पुरे. आणि प्रयोगशाळेतले संगणक पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवावेत. आतली ऊब हाच ओलीवरचा सोपा इलाज आहे.

बसवायची पद्धत सोपी आहे, पण घाई इथेच नडते. विंडोज बंद करताना शिफ्टचे बटण धरून ठेवावे, म्हणजे ती अर्धवट झोपी न जाता पूर्ण बंद होते. मग सॉकेटमधून वायर काढावी आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. लॅपटॉपात बॅटरीची जोडणी आधी सोडवावी. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. आपल्याकडच्या दमट हवेत स्थिर वीज कमी साठते हे खरे, पण एसीच्या खोलीत नाही. पट्टी कडांना धरून खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. क्लिप स्वतःहून वर येऊन बसली पाहिजे, ती बोटाने लावायची नसते. लॅपटॉपची पट्टी साधारण तीस अंशांत तिरकी सरकवून, सोनेरी कड जवळपास दिसेनाशी झाल्यावर खाली दाबायची. डेस्कटॉपला चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालाव्यात. पहिल्या आणि दुसऱ्यात घातल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि वर सांगितलेला दोन चॅनेलचा लाभ जातो. ही चूक आम्ही सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करतो. मंद पट्टी कुठल्या स्लॉटमध्ये, वेगवान कुठल्या, याने वेग बदलत नाही.

पहिल्यांदा चालू करताना पडदा थोडा वेळ काळा राहतो, संगणक एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतो. तो पट्ट्यांशी जुळवून घेत असतो. डीडीआर५मध्ये हे काही मिनिटे चालते. घाबरून वायर ओढू नये. दहा मिनिटांनीही काही आले नाही तर एक-एक पट्टी स्वतंत्र लावून पाहावी, आणि तरी नाही जमले तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे काढून बायोस मूळ स्थितीत आणावा. सेल काढण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची) रिकव्हरी की लिहून ठेवलेली असावी. नाही तर रॅम जमेल आणि डिस्क कुलपात राहील.

संगणक चालू झाला म्हणजे जोडी जमली असे नव्हे, आणि "कुठलीही चालते" म्हणणारे इथेच चुकतात. न जमलेली जोडी आठ दिवस सुरळीत चालते. मग ब्राउझरचे टॅब मध्येच पडतात, झिप फाइल मोडकी निघते, इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडते. रॅममध्ये एक बिट उलटा झाला आणि तो तसाच डिस्कवर लिहिला गेला, तर नोंद कायमची चुकते. कुठलाही इशारा येत नाही. पतसंस्थेच्या खात्यात हे किती महागात पडेल ते सांगायला नको. म्हणून मेमटेस्ट८६ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्यावा, संगणक त्यावरून चालू करावा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. १६ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून सकाळी पाहावे. चुकांचा आकडा शून्यच हवा. एक चूक म्हणजेही नापास. चूक आली तर प्रत्येक पट्टी त्याच स्लॉटमध्ये एकटी तपासावी. एकटीही नापास झाली तर ती खराब आहे. दोन्ही एकट्या पास आणि एकत्र नापास, तर बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणून पुन्हा तपासावे. २४००वर अडलेली जोडी २१३३वर बऱ्याचदा निर्धोक चालते. आणि तिथेही अडली तरच "जोडी जमत नाही" असे म्हणावे.

शेवटी सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम उघडून एसपीडीच्या पानावर प्रत्येक स्लॉटमधली पट्टी पाहावी. एक्सएमपी नसलेल्या साध्या पट्टीच्या लेबलवर ३२०० आणि एसपीडीत २४०० असेल, तर लेबल नंतर चिकटवलेले असण्याची शक्यता मोठी. मेमरीच्या पानावर १२००च्या आसपास आकडा दिसला तर चिंता नको. डीडीआर दर ठोक्याला दोनदा माल पाठवते, म्हणून तो २४००च आहे.

आमच्या व्यवसायबंधूंना एक विनंती. बिलावर नुसते "८ जीबी रॅम" लिहू नका. लेबलवरची पूर्ण ओळ लिहा, बसवल्यानंतरचा प्रत्यक्ष वेग लिहा, एक चॅनेल की दोन ते लिहा आणि मेमटेस्टचा निकाल लिहा. काढलेली पट्टी ग्राहकाच्या हातात द्या. ग्राहकांनी आणि शाळांनीही एवढ्या चार नोंदी असल्याशिवाय बिल स्वीकारू नये. आणि अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीतली ती जुनी पट्टी सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावी, कागदाच्या पाकिटात नको. आपल्या हवेत पाकीट एका पावसात ओलसर होते.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ,
फोंडा, गोवा